मामाच्या डोंगरावर : बचेली-किरंदुलचे पाच दिवस

मामा ३० नोव्हेंबरला रिटायर होतायत आणि त्यानंतर क्वार्टर सोडावं लागणार, म्हणजे आत्ता नाही गेलो तर मग कधीच नाही, असं आईने ऑगस्टमध्येच सांगून टाकलं. सदतीस वर्षं मामा छत्तीसगढमधल्या बैलाडीलाला, लोखंडाच्या खाणीत आहेत आणि एवढ्या वर्षांत आई तिकडे एकदाच गेली, मामीच्या बाळंतपणाला, तेव्हाही घर आणि दवाखाना सोडून काही बघितलं नव्हतं. मी तर कधीच गेले नव्हते. मामा दरवर्षी फोनवर म्हणायचे, "ताई, सतरा सप्टेंबरले ये, त्या दिवशी वर नेतो तुले." सतरा सप्टेंबर म्हणजे विश्वकर्मा पूजा. आणि वर म्हणजे आकाशनगर, डोंगराच्या माथ्यावर, जिथे खाण आहे. एरवी चेकपोस्टवर सीआयएसएफचे जवान असतात, पास नसेल तर पुढे सोडत नाहीत, पण वर्षातून हा एक दिवस रस्ता सगळ्यांसाठी उघडा असतो.

आम्ही चंद्रपूरचे, बाबा वेकोलित, म्हणजे कोळशाच्या सरकारी कंपनीत होते, त्यामुळे खाण, पाळी, कॉलनी, क्वार्टर हे शब्द मला नवीन नाहीत. पण आमच्याकडे खाण म्हणजे जमिनीत खोल खड्डा. डोंगराच्या डोक्यावर खाण असते आणि गाव तिच्या पायाशी असतं, हे डोळ्यांनी बघायचं होतं.

१५ सप्टेंबर

आदल्या दिवशी सकाळी निघालो, गोंदियापर्यंत पॅसेंजर, तिथून रायपूर, आणि रात्री भाठागाव स्टँडवरून मामांच्या गावाची, बचेलीची बस. चारशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. धमतरी, कांकेर झोपेत गेलं, केशकालच्या घाटात वळणांनी जाग आली, मग कोंडागाव, आणि जगदलपूरला उजाडायला लागलं तेव्हा बस अर्धी रिकामी झाली होती. गीदमनंतर साल आणि मोहाची झाडं, पाऊस नुकताच पडून गेलेला, रस्त्याच्या कडेची माती लाल व्हायला लागली. दंतेवाडा सोडल्यावर कंडक्टरने खिडकीतून बोट दाखवलं, "वो देखो, बैलाडीला."

नावाचा अर्थ मामांनी लहानपणीच सांगितला होता, डीला म्हणजे बैलाचं वशिंड. लांबच लांब डोंगररांग, वरचा भाग ढगात, आणि खरंच बसलेल्या बैलाच्या पाठीसारखी वर येऊन पुन्हा खाली गेलेली. जंगल हिरवंगार, पण मधूनमधून वरून खालपर्यंत लाल ओघळ. पहिल्यांदा मला ते दरड कोसळल्यासारखं वाटलं.

मामा स्टँडवर स्कूटर घेऊन उभे होते. नाईट शिफ्ट करून सरळ आले होते, बुटांवर, पँटच्या घोट्यापर्यंत, कानाच्या मागेसुद्धा लाल धूळ. आईने तिथेच त्यांचं तोंड पदराने पुसलं, साठ वर्षांच्या माणसाचं, आणि त्यांनी पुसू दिलं.

क्वार्टर छान आहे. दोन खोल्या, किचन, मागे अंगण, अंगणात पेरूचं झाड, कढीपत्ता, शेवगा. हे सगळं मामीने लावलेलं. भिंतींना खालून हातभर उंचीपर्यंत लालसर झाक आहे, दर दिवाळीला चुना मारला तरी ती पावसाळ्यात परत येते. दाराबाहेर चपला काढायला वेगळी पायरी, कपडे भिजवायला वेगळी बादली. मामी म्हणाली, "खाणीचे कपडे घरातल्या कपड्यात टाकले ना ताई, तर सगळं गुलाबी होते. पहिलं पाणी चहासारखं, दुसरं जरा बरं, तिसऱ्या पाण्याले साबण लावायचा."

दुपारी मामा झोपले आणि मी मामीसोबत कॉलनीत फिरले. टाइपप्रमाणे क्वार्टरच्या रांगा, शाळा, मैदान, क्लब, दवाखाना, देवळं. वीज-पाणी कंपनीचं. शेजारी एका बाजूला तेलुगू, दुसऱ्या बाजूला मल्याळी, समोर बिहारचे, पलीकडे बंगाली, आणि सगळ्यांच्या बोलण्यात छत्तीसगढी मिसळलेली. मामी मूळची बालाघाटकडची, इथे येऊन सांबार आणि पिठा दोन्ही करायला शिकली. पण कॉलनीतलं कोणीच इथलं नाही. सगळ्यांच्या घरात एक कॅलेंडर आहे ज्यावर रिटायरमेंटची तारीख लिहिलेली आहे. ज्या मुलीसोबत मामाची मुलगी वाढली ते घर आता विजयनगरमला आहे, ज्यांनी तिला सायकल शिकवली ते पलक्कडला. "आपलं गाव कोणतं" असं मामाच्या मुलीला कॉलेजात विचारलं तर ती बचेली सांगते, आणि डिसेंबरपासून तिथे तिचं काहीच नसणार. मला हे ऐकून फार वाईट वाटलं. आमच्याकडेही क्वार्टर सुटलं, पण आम्ही तीन किलोमीटरवर घर बांधून तिथेच राहिलो. इथे तसं फारसं कोणी करत नाही, गाव आहे तेच कंपनीमुळे.

समोरच्या खोलीत खोके भरायला सुरुवात झाली होती. "थोडं थोडं करून ठेवते," मामी म्हणाली, आणि विषय बदलला.

१६ सप्टेंबर

मामांना सुट्टी नव्हती, म्हणून आई, मी आणि मामी दंतेवाड्याला गेलो. दंतेश्वरीचं मंदिर शंखिनी आणि डंकिनी नद्यांच्या संगमावर आहे. पुरुषांना आत पँट घालून जाता येत नाही, धोतर किंवा लुंगी लागते, ती बाहेर मिळते. बाहेर गरुडस्तंभ आहे, त्याला पाठ लावून हात मागे नेऊन कवळायचा प्रयत्न करणाऱ्या लोकांची रांग. दसऱ्याला इथून देवीची डोली जगदलपूरला जाते, बस्तरचा दसरा पंचाहत्तर दिवस चालतो, आणि त्याचं वातावरण आत्तापासूनच होतं.

दर्शन झाल्यावर आम्ही संगमावर गेलो. पावसाळ्यात दोन्ही नद्या गढूळच असतात, पण दोन गढूळपणांतला फरक कळतो. शंखिनी बैलाडीलाकडून येते. मामी सांगत होती की ती लग्न होऊन आली तेव्हा कोणीही सांगायचं, ही लाल नदी आणि ती पांढरी. खाणीत लोहखनिज धुतात, त्या धुतलेल्या पाण्यात बारीक लाल गाळ असतो, स्लाइम म्हणतात त्याला, तो वर्षानुवर्षं खालच्या ओढ्यांत आणि नदीत उतरत राहिला. नंतर गाळ अडवायला टेलिंग डॅम आणि चेक डॅम बांधले गेले. तरी नदीकाठची जुनी माणसं अजून शेतावर बसलेल्या त्या लाल थराबद्दल बोलतात. त्यांच्या शेतात भात व्हायचा, आणि जे पोलाद त्या डोंगरातून झालं त्यातला एक खिळाही त्यांच्या घराला लागला नसेल.

परतताना बाजारात थांबलो. चिंच, मोहफुलं, बास्ता म्हणजे बांबूचे कोंब, द्रोणात लाल मुंग्यांची चापडा चटणी, भोपळ्याच्या तुंब्यात पेज. एका म्हातारीशी आई भाव करत होती, आई मराठीत, ती हलबीत, आणि दोघींचं व्यवस्थित जमत होतं. हलबीत 'माझं' म्हणजे 'मोचो', 'तुझं' म्हणजे 'तुचो', 'आमचो बस्तर' तर इथे जिकडेतिकडे लिहिलेलं असतं. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथपर्यंत होता, आणि भाषा तर त्याच्याही आधीपासून एकमेकींच्या अंगणात असणार. आई इतकी खूश झाली की गरज नसताना दोन किलो चिंच घेतली. पण तीच म्हातारी शेजारणीशी गोंडीत बोलायला लागली तेव्हा आम्हाला एक अक्षर कळलं नाही. डोंगराखालच्या गावांची घरातली भाषा गोंडी आहे, बाजाराची हलबी, कॉलनीची हिंदी, आणि ऑफिसच्या पाट्या इंग्रजीत.

रात्री मामांनी सकाळसाठी स्वेटर काढून ठेवायला सांगितले. सप्टेंबरात स्वेटर!

१७ सप्टेंबर

पहाटे साडेचारला मामी उठली. सदतीस वर्षांची सवय, फर्स्ट शिफ्ट असो नसो. पण आज तिने नवी साडी नेसली, डबे भरले, आणि आरशासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली.

सहा वाजता बाहेर आलो तर रस्ता माणसांनी भरलेला. बाइकवर तिघंतिघं, पिकअपमध्ये उभी माणसं, ऑटो, जीप, बस. दंतेवाडा, गीदम, जगदलपूर, सुकमा, कुठून कुठून लोक आलेले, आणि आजूबाजूच्या पाड्यांतले कितीतरी जण चालत निघालेले, बायकांच्या कडेवर पोरं, डोक्यात फुलं. चेकपोस्टवरचे जवान फक्त हात हलवून पुढे सोडत होते. त्यांच्याकडे बघताना मामा हळू आवाजात म्हणाले की २००६ च्या फेब्रुवारीत हिरोलीच्या मॅगझिनवर, म्हणजे खाणीची स्फोटकं ठेवतात तिथे, नक्षल्यांनी हल्ला केला होता, सीआयएसएफचे ८ जवान गेले. त्यानंतर कित्येक महिने मामी फाटकापाशी उभी राहून शिफ्टची बस दिसेपर्यंत घरात जात नव्हती.

घाट सुरू झाला. एका बाजूला दरी, एका बाजूला झाडीतून पाणी ओघळणारा कडा, प्रत्येक वळणावर थंडी वाढत गेली. मध्येच ढग रस्त्यावर आला आणि पुढच्या गाडीचा फक्त लाल दिवा दिसत राहिला. मामा हा रस्ता रोज दोनदा करतात, आणि त्यांना वळणं पाठ आहेत, कुठे माकडं बसतात, कुठे पावसात दरड येते, कुठे १९९० च्या सुमाराला बस बंद पडली होती आणि सगळी पाळी चालत वर गेली होती.

आकाशनगर हे नाव अगदी योग्य आहे. वर पोचलो तेव्हा ढग आमच्या खाली होते. पूर्वी इथे वरच क्वार्टर होती, लोक इथेच राहायचे, मामा सुरुवातीला एका खोलीत चौघं मिळून राहिले. पावसाळ्यात कपडे आठ-आठ दिवस वाळायचे नाहीत, शेगडीवर धरून वाळवायचे. माचिस ओली होऊ नये म्हणून पिठाच्या डब्यात ठेवायचे.

आज सगळी मशिनं बंद. प्रत्येक सेक्शनचा वेगळा मंडप, विश्वकर्म्याची मूर्ती, केळीचे खांब, झेंडूच्या माळा, मोठ्या कढईत खिचडी. आणि डंपर! शंभर टनी डंपरचं चाक माझ्यापेक्षा उंच. ड्रायव्हरच्या केबिनला जायला शिडी आहे. त्या एवढ्या मोठ्या डंपरच्या समोर हळदकुंकवाची बोटं ओढलेली, चाकाखाली लिंबू, आणि आजूबाजूला पोरं फोटो काढतायत. मामांचं शॉवेल, म्हणजे माल उचलायचं मशिन, जरा लांब उभं होतं. त्यांनी मामीच्या हातात नारळ दिला. "यंदा तू फोड." मामीने नारळ फोडला, कुंकू लावलं, आणि मशिनच्या लोखंडावर हात ठेवून जरा वेळ थांबली. मग म्हणाली, "याच्यासोबत तुमच्या मामांचे जितके तास गेले ना, तितके माझ्यासोबत नाही गेले." ती हसत म्हणाली, पण आईचे डोळे भरले.

मग मामा आम्हाला कडेला घेऊन गेले, जिथून बेंच दिसतात. बेंच म्हणजे डोंगर कापून केलेल्या पायऱ्या, एकेक पायरी दहा-बारा मीटर उंच. काम कसं चालतं ते मी चंद्रपूरची असूनही इथे नव्याने समजून घेतलं. आधी ड्रिल मशिनने उभी भोकं पाडतात, त्यात स्फोटकं भरतात, ठरलेल्या वेळेला सायरन होतो, सगळे लांब जातात आणि ब्लास्ट होतो, मग ढिगाऱ्यातून शॉवेल माल उचलून डंपरमध्ये टाकतं, डंपर क्रशरला. क्रशरमधून निघालेला माल बेल्टवर बसून डोंगर उतरतो. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की बेल्ट उताराला असल्यामुळे मालाच्या वजनानेच तो खाली ओढला जातो, मोटरला ढकलावं लागत नाही, उलट त्याला आवरावं लागतं आणि त्या आवरण्यातून वीज तयार होते. खाली स्क्रीनिंग प्लांटमध्ये मोठे दगड वेगळे, बारीक चुरा वेगळा, मग वॅगन.

मामांनी एक दगड उचलून माझ्या हातात दिला. मुठीएवढा, करडा-निळा, चमकणारा. मी सहज घ्यायला गेले तर हात खाली गेला, इतका जड. ६५ टक्क्यांच्या वर लोखंड आहे त्यात, साध्या दगडाच्या जवळजवळ दुप्पट वजन. दुसऱ्या दगडावर घासला तर करड्या दगडाची रेघ रक्तासारखी लाल उमटली. एका ठिकाणी तर दगडसुद्धा नाही, नुसती निळसर-काळी भुकटी, ब्लू डस्ट, हातात घेतली की पाण्यासारखी बोटांतून निसटते. आणि धुकं हा इथला खरा साहेब आहे असं मामा म्हणाले, धुकं उतरलं की डंपर जागच्या जागी उभे, समोरचं बेंच संपतंय कुठे ते दिसत नाही, अशा वेळी घाई केलेली माणसं त्यांनी बघितली आहेत. पुढे ते काही बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

आईने विचारलं, "तू पहिल्या दिवशी कुठं होता कामावर?"

मामांनी हात वर केला. समोर नाही, खाली नाही, वर. आमच्या डोक्यांच्या बऱ्याच वर, जिथे फक्त ढग होता, तिथे बोट दाखवलं. "थ्या तिथं. तिथं टेकडी होती, तिच्यावर माझी पहिली ड्युटी. मंग आमी खाली खाली येत गेलो."

मी बराच वेळ त्या हवेकडे बघत राहिले. जिथे माझा मामा तेवीस वर्षांचा होता, पहिला पगार घेतला, आजोबांना पहिली मनिऑर्डर केली, ती जागा आता नाही. तिच्यावर कोणी घर बांधलं असतं, झाड लावलं असतं तरी जागा राहिली असती. ती जागा तुकड्यातुकड्याने बेल्टवर बसून गेली, त्यातला बराच भाग जहाजात बसून जपानला गेला, कोणाच्या तरी गाडीत, पुलात, भांड्यात आहे. मामांनी ती स्वतःच्या हाताने उचलली. मला विचारायचं होतं की मामा, तुम्हाला कसं वाटतं, पण ते आईला टेकडी किती उंच होती ते सांगण्यात गुंग होते, हाताने तिचा उतार काढून दाखवत होते, कुठे आंब्याचं झाड होतं, कुठून पाणी यायचं.

आमच्या बाजूला पाड्यावरची काही माणसं पानाच्या द्रोणात तांदूळ आणि फुलं घेऊन बसली होती. विश्वकर्म्याच्या मंडपाकडे त्यांची पाठ होती. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने लांबच्या शिखराकडे तोंड करून हात जोडले. मामा म्हणाले, "नंदराज." रांगेतलं सगळ्यात उंच शिखर, इथल्या गावांचा देव. पिटोड रानी त्याची बायको, तिचाही डोंगर आहे. ज्याला आम्ही डिपॉझिट, म्हणजे खनिजाचा साठा, नंबर तेरा म्हणतो, असं मामा म्हणाले, तेच त्यांचं देवस्थान.

मामीने आपल्या डब्यातल्या पुऱ्या त्या बायकांना दिल्या, त्यांनी तिला तांदूळ दिले. परत येताना घाटात पाऊस लागला आणि गाड्यांची रांग तीन तास हलली नाही. कोणी चिडलं नाही. लोक गाडीतून उतरून पावसातच खाली दिसणारे बचेलीचे दिवे बघत होते.

१८ सप्टेंबर

किरंदुलला गेलो, दहा-बारा किलोमीटर. बचेली जरा पसरलेली आहे, किरंदुल डोंगराच्या कुशीत दाटीवाटीने बसलेलं, आणि जुनं तेच. इथली गोष्ट अशी. १९३४-३५ मध्ये क्रुकशँक नावाच्या भूशास्त्रज्ञाने ही रांग मोजली आणि साठ्यांना एक ते चौदा नंबर दिले, तेच नंबर अजून चालतात. १९५८ मध्ये एनएमडीसी, म्हणजे ही खाण चालवणारी सरकारी कंपनी, स्थापन झाली. १९६० मध्ये जपानी पोलाद कारखान्यांशी करार झाला, वर्षाला बैलाडीलातून ४० लाख टन. १९६८ मध्ये किरंदुलचं चौदा नंबर सुरू झालं, १९७७ मध्ये बचेलीचं पाच नंबर. म्हणजे आधी गिऱ्हाईक ठरलं, मग रेल्वे, मग खाण, आणि सगळ्यात शेवटी गाव. ज्यांची गावं आधीपासून होती त्यांना या क्रमात कुठे धरलं होतं ते मला कोणी सांगू शकलं नाही.

लोडिंग प्लांट लांबूनच बघितला. वॅगन हळूहळू सरकतात, वरून लाल माल पडतो, एकेक करत पूर्ण गाडी भरते. त्याचा आवाज पूर्ण गावात ऐकू येतो, आणि मामांचे मित्र सांगत होते की तो आवाज थांबला की त्यांना रात्री जाग येते.

या मित्रांच्या घरी जेवलो. ते युनियनवाले, आता रिटायर होऊन मुलाच्या क्वार्टरमध्ये राहतात. १९७८ च्या एप्रिलबद्दल तेच बोलले. तेव्हा बरंच खणणं हाताने चालायचं, ठेकेदाराची माणसं, पहारी आणि टोपल्या, बायका-पुरुष दोन्ही. मशिनं आली, कपात आली, आंदोलन झालं, आणि किरंदुलमध्ये गोळीबार झाला. मजूर मेले, झोपड्या जळाल्या. त्यांचे वडील त्या मजुरांत होते. "हम लोग जो आज पक्के मकान में हैं ना बेटी, वो ऐसे ही नहीं मिला," एवढंच ते म्हणाले आणि मला आणखी भात वाढला.

जेवणानंतर त्यांच्या सुनेने २०१९ चं सांगितलं. तेरा नंबरच्या खाणीचं काम सुरू होणार म्हणून जूनमध्ये आजूबाजूच्या गावांतून हजारो आदिवासी तीरकमान, भांडी, तांदूळ घेऊन किरंदुलला आले आणि गेटसमोर बसून राहिले. जवळजवळ आठवडाभर. ऊन, पाऊस, तिथेच रांधणं, तिथेच झोपणं, रात्री ढोल. शेवटी राज्य सरकारने काम थांबवलं. "हमारे घर में दो राय थी," ती म्हणाली. सासऱ्यांना वाटत होतं नवीन खाण म्हणजे नव्या नोकऱ्या, नातवाला काहीतरी मिळेल. तिला वाटत होतं ज्यांचा देव आहे त्यांना विचारायला हवं. ती रोज संध्याकाळी घागरभर पाणी घेऊन जायची तिकडे. मला दोघांचंही पटतं, आणि दोघांतलं एक निवडायला सांगितलं तर मी त्या पाणी नेणाऱ्या बाईच्या बाजूने आहे. खाणीच्या पगारावर वाढलेली असूनही.

निघताना बंगाली कॅम्पवरून आलो. २०२४ च्या जुलैत अतिवृष्टीत वरून लाल पाणी आणि चिखल इथल्या घरांत शिरला होता. काही घरांच्या भिंतींवर ती रेघ अजून आहे, माझ्या कमरेच्याही वर. मामीच्या भिंतीवरची हातभर झाक आठवली. रंग तोच.

संध्याकाळी मामांना बस आली, सेकंड शिफ्टची नाही, नाईटची. फाटकापाशी मामी उभी, हातात टिफिन. बस वळेपर्यंत उभी राहिली. मी मोजायचा प्रयत्न केला की नोव्हेंबरपर्यंत असं किती वेळा राहिलं, मग मोजणं सोडून दिलं.

१९ सप्टेंबर

येताना बसने आलो म्हणून जाताना मुद्दाम रेल्वे, किरंदुल-विशाखापट्टणम पॅसेंजर. पहाटे निघते आणि रात्री पोचते. मामा ड्युटीवरून सरळ बचेली स्टेशनवर आले, तसेच लाल. आईच्या पिशवीत तो जड दगड, वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि मामीचे पेरू.

ही के.के. लाइन, कोत्तवलसा ते किरंदुल, ४४५ किलोमीटरच्या आसपास, ५८ बोगदे आणि ८४ मोठे पूल. पूर्ण लाइन या दगडासाठी बांधली, माणसं नंतर बसायला लागली. त्यामुळे मालगाडीला आधी रस्ता, आपण बाजूच्या लाइनवर थांबायचं. भांसी, कमालूर, दंतेवाडा, गीदम, प्रत्येक ठिकाणी भरलेल्या गाड्या पुढे जात होत्या आणि रिकाम्या वर येत होत्या. सोबतच्या डब्यातल्या टीचरबाई सांगत होत्या की कित्येक वर्षं नक्षल्यांच्या बंदच्या हाकेत गाडी दंतेवाड्यापर्यंतच यायची, रूळ उखडलेले असायचे, मग पुढे जीप बघा.

जगदलपूरनंतर ओडिशा, सपाट भातशेती, आई झोपली. कोरापूटनंतर अरकू, आणि तिथून गाडी चढत चढत शिमिलीगुडाला जाते, ९९६ मीटरवर, ब्रॉडगेजचं इतक्या उंचीवरचं स्टेशन बराच काळ देशात दुसरं नव्हतं. आणि मग अनंतगिरीचा उतार, बोगद्यामागून बोगदा, दरीत कॉफीचे मळे, बोर्रा गुहांचं स्टेशन. टुरिस्ट लोक अरकूला भरभरून चढले, काचेच्या डब्याबद्दल बोलत होते, मोबाइल बाहेर काढून रील. छान आहे तो घाट, खरंच छान आहे. पण मी खिडकीतून उतारावरच्या कॅच सायडिंग बघत होते, म्हणजे ब्रेक निकामी झालेली गाडी वळवायला ठेवलेला चढावरचा रूळ. भरलेली गाडी एवढं वजन घेऊन हा घाट उतरते, चालवणाऱ्याला किती जपावं लागत असेल.

एका बोगद्याच्या आधी मामांचा फोन आला. झोप झाली होती त्यांची. आईला म्हणाले, "कुठं पोचले तुमी? धुकं आहे का तिकडं?" आई म्हणाली, "नाई, ऊन आहे," आणि बोगदा आला, लाइन कटली. बाहेर पडल्यावर तिने परत लावला नाही, फोन हातातच ठेवला.

विशाखापट्टणमला नऊ वाजून गेले होते. लॉजवर आल्या आल्या आईने आकाशनगरला नेसलेली साडी बादलीत टाकली, उद्या समुद्रावर जायचंय, परवा परतीची गाडी, तोवर वाळेल म्हणाली. मी बाथरूमच्या दारात उभी होते. पहिलं पाणी चहासारखं निघालं. तिने ते ओतलं नाही लगेच, जरा वेळ बादलीत हात घालून बसून राहिली.